खोटं न बोलणाऱ्या निवेदकाची कुळकथा

पंधरा वर्षांचा क्रिस्टोफर बून खोटं बोलत नाही. आई म्हणायची, पोरगा गुणी आहे म्हणून. क्रिस्टोफरला हे मान्य नाही. गुणी असण्याचा काही संबंध नाही, खोटं बोलणं आपल्याला जमतच नाही, असं तो वाचकाला बजावून सांगतो. मार्क हॅडनची ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ ही कादंबरी २००३ साली आली, मोठ्यांसाठी एक आणि मुलांसाठी एक अशा दोन आवृत्त्यांत, आणि त्या वर्षीचा व्हिटब्रेड पुरस्कार घेऊन गेली. तेव्हापासून इंग्रजी कथासाहित्यात ऑटिझम असलेल्या निवेदकांची रांगच लागली आहे. शाळकरी मुलं, बड्या वकिलाचा मुलगा, जनुकशास्त्राचा प्राध्यापक, व्हायोलिन वाजवणारी तरुणी. यातल्या बहुतेकांची पहिली ओळख एकच करून दिली जाते: हा खोटं बोलणार नाही. आणि बहुतेकांच्या घरात कुणीतरी काहीतरी दडवलेलं असतं.

सत्यवादी मूल आणि दडवादडवी करणारं घर यांची ही सोयरीक इतकी ठरीव आहे, की ती कुणी जमवली हे शोधावंसं वाटतं. ऑटिझम असलेली खरीखुरी माणसं पाहून ती जमलेली नाही. हॅडननं स्वतः उघड सांगितलं आहे की त्यानं या कादंबरीसाठी खास अभ्यास केला नव्हता. त्याला एक आवाज सुचला. पण आवाज सुचतात तेसुद्धा कुठून तरी आलेले असतात. या आवाजाचा माग काढत गेलं तर आपण एका डॉक्टरच्या फायलीत, मानसशास्त्राच्या एका प्रयोगात आणि एका डिटेक्टिव्ह गोष्टीत जाऊन पोहोचतो. आणि जाता जाता वाचक म्हणून आपण नेमके कुणाच्या बाजूला बसलो होतो, हेही ध्यानात येतं.

सर्वांत जुना पूर्वज मिसिसिपीत सापडतो आणि त्याला बोलताच येत नाही. विल्यम फॉकनरच्या ‘द साउंड अँड द फ्यूरी’ (१९२९) या कादंबरीचा पहिला भाग बेंजी कॉम्प्सनच्या मनातून उलगडतो. वय ३३, कुंपणाला धरून उभा राहणारा, हुंदके देणारा. त्याला ऑटिझम होता म्हणणं चुकीचं ठरेल. फॉकनरनं त्याला त्या काळच्या समजुतीप्रमाणे मतिमंद म्हणून उभं केलं आहे. पण घराशी असलेलं त्याचं नातं पुढच्या सगळ्या वंशजांत उतरलं. जन्मल्यावर त्याचं नाव मामावरून मॉरी ठेवलं होतं. मुलात काही कमी आहे हे लक्षात आल्यावर आईनं ते काढून घेतलं, भावाच्या नावाला बट्टा नको म्हणून. बहीण कॅडी अत्तर लावून आली की बेंजी आकांत करतो. तिनं अत्तर धुऊन टाकलं की शांत होतो. पाप, अब्रू, कुमारवय संपणं, यातलं एकही अक्षर त्याला ठाऊक नाही. तरी बहिणीत काहीतरी पालटलंय हे आईवडिलांच्या आधी त्याच्या नाकाला कळतं. तो सांगतो आणि समजून आपण घेतो. निवेदकाच्या डोक्यावरून वाचक आणि लेखक यांची ही जी नजरानजर होते, ती इथं सुरू झाली.

फॉकनरच्या पुस्तकानंतर चार वर्षांनी, १९३३ मध्ये, त्याच मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या गावी डोनाल्ड ट्रिपलेट जन्मला. घर सुखवस्तू, वडील बीमन वकील. मूल हाकेला ओ देईना, माणसांपेक्षा फिरणाऱ्या वस्तूंत रमे, आकडे आणि गाणी मात्र तोंडपाठ. डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्याला संस्थेत ठेवलं गेलं आणि काही काळानं आईवडिलांनी घरी परत आणलं. १९३८ मध्ये वडिलांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांना मुलाची सगळी हकिकत कळवली: टंकलिखित ३३ पानं. पाच वर्षांनी, १९४३ मध्ये, कॅनरनी ११ मुलांवरचा तो प्रसिद्ध निबंध छापला. त्यात पहिला नंबर डोनाल्डचा होता, आणि त्या पहिल्या नोंदीचा मोठा आधार हे पत्र होतं. म्हणजे ऑटिझमचं आद्य निवेदन बापाचं आहे. मुलाविषयी, मुलाच्या अपरोक्ष, डॉक्टरला लिहिलेलं.

त्या पत्राचं पुढे काय झालं हे मला सगळ्यात बोलकं वाटतं. कॅनरनी त्यातली माहिती विश्वासानं वापरली आणि त्याच निबंधात शेराही मारला, की पत्र बारीकसारीक तपशिलांनी नको इतकं भरलेलं आहे, लिहिणाऱ्याचा ध्यास त्यातून दिसतो. साक्ष घेतली आणि साक्षीदारावर संशयही घेतला. पुढच्या काही वर्षांत हा संशय फोफावला. १९४९ मध्ये कॅनरनीच आईबापांच्या थंडपणाची तुलना रेफ्रिजरेटरशी केली. मग शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइमनी १९६७ मध्ये ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ लिहून आयांना जवळजवळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. (बेटलहाइमनी स्वतःच्या शिक्षणाविषयी आणि अनुभवाविषयी बरंच फुगवून सांगितलं होतं, हे ते गेल्यावर बाहेर आलं. तोवर कित्येक आयांची उमेदीची वर्षं अपराधीपणात गेली होती.)

त्याच १९६७ साली क्लेरा क्लेबोर्न पार्क या आईचं ‘द सीज’ आलं. धाकट्या मुलीभोवतीच्या अदृश्य तटाला घातलेला वेढा म्हणजे हे पुस्तक. दोन्ही पुस्तकांच्या नावामागे किल्ला आहे, हे ध्यानात घ्यावं. एकाच्या मते किल्ला रिकामा, दुसरीच्या मते आत कुणीतरी आहे आणि ते तिला भेटायचं आहे. पार्कबाईंचं पुस्तक अजूनही वाचावं असं आहे, कारण त्या स्वतःला सूट देत नाहीत. तरी त्यांनीही मुलीचं नाव बदलून एली केलं होतं. तिचं खरं नाव जेसी वाचकांना ‘एक्झिटिंग निर्वाणा’मध्ये कळलं, तेव्हा २००१ साल उजाडलं होतं आणि मुलगी चाळिशी ओलांडून गेली होती. कॅनरनी १९६९ मध्ये पालकांच्या एका सभेत त्यांना जाहीरपणे निर्दोष ठरवलं. पण या सगळ्या तीस वर्षांत प्रश्न एवढाच होता: आईबापांवर विश्वास ठेवावा की नाही. मुलावर विश्वास ठेवण्याचा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नाही. ते बोलणार आहे, सांगणार आहे, हेच गृहीत नव्हतं.

‘खोटं बोलता येत नाही’ हा गुण मात्र घरातून आला नाही, तो लंडनच्या एका प्रयोगातून आला. १९८५ मध्ये सायमन बॅरन-कोहेन, अॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी मुलांना दोन बाहुल्यांचा खेळ दाखवला. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. अॅन ती काढून खोक्यात लपवते. सॅली परत आल्यावर गोटी कुठं शोधेल? ऑटिझम असलेल्या २० मुलांपैकी १६ जणांनी खोक्याकडे बोट दाखवलं, जिथं गोटी खरोखर होती तिकडे. सॅलीच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं, चुकीचं चित्र असेल हे त्यांना धरता आलं नाही, असा निष्कर्ष निघाला. तो खेळ नीट पाहिला तर ती एक छोटी कौटुंबिक कथा आहे. एकजण घराबाहेर गेलेला, दुसऱ्यानं त्याची वस्तू लपवलेली, तिसरा पाहतो आहे. दुसऱ्याच्या मनात चूक समजूत असू शकते हेच ज्याला उमगत नाही, तो ती समजूत मुद्दाम पेरणार कशी? १९९२ मध्ये बीआटे सोडियन आणि फ्रिथ यांनी ही पुढची पायरीही तपासली. खाऊ चोरायला आलेल्या चोराला अडवण्यासाठी पेटीला कुलूप लावणं ऑटिझम असलेल्या मुलांना जमत होतं. पेटीला कुलूप आहे अशी थाप मारणं बहुतेकांना जमत नव्हतं.

आकडे लहान, निष्कर्ष मोठा आणि कादंबरीकारांच्या फार सोयीचा. पुढे अभ्यास वाढले तसं चित्र धूसर झालं. ऑटिझम असलेली मुलं थापा मारतात, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणूनही मारतात. ती थाप नंतरच्या प्रश्नांत निभावून नेणं त्यांना जड जातं, असं २०११ च्या एका प्रयोगात दिसलं. पण तोवर क्रिस्टोफर जगभर पोहोचला होता. त्याच्या कादंबरीत अशा प्रयोगांपैकी एक चक्क प्रसंग म्हणून येतो: स्मार्टीजच्या गोळ्यांची नळी, उघडल्यावर आत पेन्सिल, आणि आता आईला विचारलं तर ती काय म्हणेल, हा प्रश्न. लहानपणीचा क्रिस्टोफर म्हणतो, पेन्सिल.

मधल्या एका पायरीकडे सहसा लक्ष जात नाही. १९८८ चा ‘रेन मॅन’ आठवताना लोकांना काड्या मोजणारा डस्टिन हॉफमन आठवतो. त्या सिनेमाचा कणा मात्र बापानं लपवलेली गोष्ट आहे. चार्ली बॅबिटला मोठा भाऊ आहे हे त्याला बाप मेल्यावर, वारसाहक्काच्या कागदांतून समजतं. लहानपणी आपला एक काल्पनिक मित्र होता असं तो समजत आला. तो मित्र म्हणजे संस्थेत रवाना केलेला सख्खा भाऊ रेमंड. म्हणजे घरानं लपवलेलं मूल, आणि सत्याचा शोध लागतो तो दुसऱ्याला. रेमंडला सगळं आठवतं, पण तो हकिकत सांगत नाही. हॅडननं पंधरा वर्षांनी काय केलं ते यावरून कळतं. त्यानं कथा रेमंडच्या हातात दिली.

द्यायला आधार होता. टेंपल ग्रँडिन यांचं ‘इमर्जन्स’ १९८६ मध्ये आलं होतं. ऑलिव्हर सॅक्ससारख्या मनानं मोठ्या डॉक्टरनंही पुढे कबूल केलं, की ते प्रथम वाचताना त्यांना शंका आली होती: ऑटिझम असलेली व्यक्ती आत्मचरित्र लिहीलच कशी, हे सहलेखिकेचं तर नव्हे? ज्यांना खोटं बोलता येत नाही असं विज्ञान सांगत होतं, त्यांनी स्वतःविषयी लिहिलं की तेच संशयास्पद. यातली विसंगती तेव्हा फारशी कुणाला टोचली नाही. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डॉना विल्यम्स यांचं ‘नोबडी नोव्हेअर’ आलं. मारझोडीच्या घरात वाढताना त्यांनी आपल्या आत दोन माणसं घडवली होती. विली हा भांडणारा, कॅरल ही हसतमुख, लोकांना हवी तशी वागणारी. ऑटिझम असलेलं माणूस रात्रंदिवस अभिनय करत असू शकतं, जीव वाचवण्यासाठी करत असू शकतं, हे त्या पुस्तकात स्पष्ट होतं. कादंबरीकारांनी ते उचललं नाही. त्यांना कॅरल नको होती. त्यांना आरसा हवा होता.

आता पुन्हा हॅडनकडे. या कादंबरीचं कौतुक इतकं झालं आणि तिच्यावर टीकाही इतकी झाली, की ती किती चतुर आहे हे मागं पडलं. नाव शेरलॉक होम्सच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ (१८९२) या गोष्टीतून घेतलेलं. तिथं रात्री कुत्रा भुंकला नाही यावरून होम्स ताडतो की घोडा नेणारा परका नव्हता, घरातलाच होता. म्हणजे शेजारणीच्या वेलिंग्टन कुत्र्याला कुणी मारलं, या रहस्याचं उत्तर मुखपृष्ठावरच छापलेलं आहे.

क्रिस्टोफरला वडिलांनी सांगितलंय की आई हृदयविकारानं गेली. प्रत्यक्षात ती शेजारच्या शिअर्ससाहेबांबरोबर लंडनला निघून गेली आहे आणि तिथून मुलाला पत्रं लिहिते आहे. वडील ती कपाटात, शर्टाच्या खोक्यात ठेवत गेले. जाळली नाहीत, दिलीही नाहीत. हॅडननं या वडिलांना, एड बूनला, खलनायक केलं नाही, इथं तो इतरांपेक्षा वेगळा ठरतो. हा बाप बॉयलर दुरुस्त करतो, एकट्यानं घर चालवतो, मुलाला मिठी सहन होत नाही म्हणून पंजा पंख्यासारखा पसरून बोटांना बोटं लावतो. मूलही साधं नाही: गोबी-आलू-साग पिवळं असतं म्हणून त्यात लाल रंग घालून खाणारं. आई पत्रांत प्रामाणिक आहे, स्वतःला झेपलं नाही हे ती सरळ लिहिते. पण ती गेली. खोटं बोलणारा घरी राहिला आणि खरं बोलणारी निघून गेली, हा हिशेब कादंबरी कुठंच जुळवून देत नाही.

तेवढ्यावर ती थांबत नाही. पत्रं सापडल्यावर क्रिस्टोफर ओकारी होऊन निपचित पडतो. वडील येतात, त्याला धुतात, पुसतात, माफी मागतात आणि ठरवतात की आता काहीच लपवायचं नाही. म्हणून सांगून टाकतात: वेलिंग्टनला मीच मारलं. खोटं उघडं पडलं तरी मुलगा घरातच होता. खरं बोलल्यावर तो पळून जातो. जो कुत्र्याला मारतो तो मलाही मारू शकतो, असं त्याचं सरळ गणित. कबुलीजबाबानं नातं जुळतं ही कादंबऱ्यांची जुनी श्रद्धा इथं साफ मोडली आहे. शेवटी वडील स्वयंपाकघरातलं टायमर लावून त्याच्याशी पाच मिनिटं बोलायची परवानगी मागतात आणि विश्वास हा एक प्रकल्प समजू या, वेळ लागेल, असं सुचवतात. मिठीबिठी नाही. मिनिटांत मोजलेला, हप्त्याहप्त्यानं परत करायचा विश्वास. या प्रकारच्या कथांत यापेक्षा सच्चा समेट मी वाचलेला नाही.

आणि क्रिस्टोफर स्वतः? तो म्हणतो तितका धुतल्या तांदळासारखा नाही. वडिलांनी चौकशी थांबवण्याचं वचन घेतलं, तर तो वचनाचे शब्द वकिलासारखे तपासून त्यातल्या फटीतून निसटतो. सगळं खरं न सांगणं म्हणजे खोटं नव्हे, असं तत्त्वही त्यानं शोधून ठेवलंय. कादंबऱ्या न आवडण्याचं कारण तो देतो की त्यात न घडलेल्या गोष्टी असतात. आणि हे तो कादंबरीत देतो. हॅडनला हे सगळं दिसत होतं. वाचकांनी मात्र ‘खोटं बोलू न शकणारा निरागस मुलगा’ एवढंच उचललं.

माझा आक्षेप वेगळा आहे. आईचं पहिलं पत्र हाती येतं तेव्हा त्यावर ती ‘गेल्या’नंतरची तारीख असते. क्रिस्टोफर तर्क करत बसतो, की हे पत्र दुसऱ्या कुणा क्रिस्टोफरचं असेल, दुसऱ्या कुणाची आई असेल. आपल्याला तत्क्षणी कळलेलं असतं. पुढची कितीतरी पानं आपण त्याच्याहून जास्त जाणतो, त्याच्या समजुतीकडे कळवळ्यानं आणि थोड्या गमतीनं पाहतो. म्हणजे त्या काळात आपण कपाटाच्या बाजूला, वडिलांबरोबर उभे असतो. निवेदक सच्चा असला तरी त्याला घडतंय त्याचा अर्थ लागत नाही असं धरलं, की वाचक आपोआप घरच्या वडीलधाऱ्यांत जाऊन बसतो. बेंजीपासून चालत आलेली ही बैठक. करमणूक म्हणून ती उत्तम आहे. पण तिच्यात निवेदकाशी आपणही पुरते प्रामाणिक नसतो.

हॅडननंतरच्या दहा-बारा वर्षांत या साच्यातून बरीच नाणी पडली. शिवॉन डाउडच्या ‘द लंडन आय मिस्टरी’त (२००७) हवामानाचा नाद असलेला टेड बहिणीबरोबर हरवलेल्या मावसभावाचा शोध घेतो आणि त्या नादात खोटं बोलायला शिकतो, हलकीफुलकी गोष्ट आहे, आणि खोटं बोलता येणं ही वाढ मानण्याचा मिस्कीलपणा तिच्यात आहे. जोडी पिकोच्या ‘हाउस रूल्स’मध्ये (२०१०) आईनं भिंतीवर लावावेत तसे नियम घालून दिलेत: आपला पसारा आपण आवरायचा, खरं बोलायचं, भावाला सांभाळायचं. मुलगा जेकब ते पाळतो आणि खुनाच्या आरोपात अडकतो. आई टीव्हीवर त्याची गोधडी ओळखून स्वतः पोलिसांना फोन करते. नियम एकमेकांवर आपटले की काय करायचं हे मुलाला कुणी शिकवलं नव्हतं, आणि नेमका प्रश्न त्याला कुणी विचारला नाही, एवढ्यावर पाचशेहून अधिक पानं ताणलेली आहेत. कल्पना मात्र चोख. आपल्याकडे त्याच वर्षी ‘माय नेम इज खान’ आला. शोकानं वेड्या झालेल्या बायकोनं रागात टाकलेलं वाक्य रिझवान शब्दशः घेतो आणि अमेरिकेच्या अध्यक्षांना भेटायला निघतो. नवऱ्याचा सच्चेपणा देशाच्या संशयासमोर उभा करणं ही त्यातली नवी गोष्ट. बाकी साचा तोच.

दोन पुस्तकं या गर्दीतून वेगळी काढावीत. फ्रान्सिस्को स्टॉर्कच्या ‘मार्सेलो इन द रिअल वर्ल्ड’मध्ये (२००९) बाप मुलाला आपल्या बोस्टनच्या वकिली फर्ममध्ये टपाल विभागात कामाला लावतो, खरं जग कळावं म्हणून. मार्सेलोला एका मुलीचा फोटो सापडतो. तिचा अर्धा चेहरा गाडीच्या सदोष काचेनं गेलेला, आणि काच बनवणारी कंपनी बापाची अशील. बाप खरं जग शिकवतो म्हणाला होता, ते त्यानं नकळत शिकवलं. मार्सेलो माहिती विरुद्ध बाजूच्या वकिलाकडे पोहोचवतो, आपल्या आवडीच्या शाळेला मुकावं लागेल हे ठाऊक असून. इथं खरं बोलणं ही अपंगत्वाची खूण नाही, विचारांती केलेली निवड आहे, आणि तिची किंमत बापालाही मोजावी लागते. अॅन एम. मार्टिनच्या ‘रेन रेन’मध्ये (२०१४) समोच्चारी शब्दांचा छंद असलेल्या रोझला दारुड्या बापानं एक कुत्री आणून दिली. वादळात ती हरवते, सापडते, आणि तिच्या अंगातल्या चिपवरून कळतं की तिचे खरे मालक दुसरेच आहेत. रोझ त्यांना शोधून कुत्री परत करते. बापानं जन्मात दिलेली एकमेव चांगली भेट मुलगी नियम म्हणून परत करते, हा अपमान बापाला पेलत नाही. मुलीच्या सच्चेपणानं घर सावरत नाही, उसवतं.

२०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ऑटिझम असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं ‘दुहेरी समानुभूतीचा प्रश्न’ मांडला: समजुतीचा अभाव एकाच बाजूला नसतो, बाकीच्यांनाही ऑटिझम असलेल्या माणसाचं मन वाचता येत नाही. सॅलीच्या गोटीवर जणू अॅनचीही परीक्षा घ्या, असं तो म्हणत होता. २०१५ मध्ये डच लेखिका कोरीन डाउविस यांनी ‘ओनव्हॉइसेस’ हा हॅशटॅग सुरू केला. ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांनीच लिहिलेली पुस्तकं शोधा, एवढीच मागणी. त्या स्वतः ऑटिझम असलेल्या. त्यांच्या ‘ऑन द एज ऑफ गॉन’मध्ये (२०१६) पृथ्वीवर धूमकेतू आदळल्यानंतरच्या ॲमस्टरडॅममध्ये डेनीज ही सुरिनामी-डच मुलगी पृथ्वी सोडून जाणाऱ्या जहाजावर जागा मिळवायला धडपडते. जागा उपयोगी माणसांनाच. आई व्यसनी. आईचं सांगावं, लपवावं, तिच्यासाठी शब्द टाकावा, की तिला सोडून स्वतःचा जीव वाचवावा? डेनीज आईवर विसंबून वाढलेली नाही. तिला आई पुरती कळते, वाचकाआधी कळते. आपल्याला तिच्या डोक्यावरून कुणाकडे पाहून डोळा मारायची सोयच राहत नाही.

एल मॅकनिकॉल यांच्या ‘अ काइंड ऑफ स्पार्क’मध्ये (२०२०) ही बैठक पार मोडली. स्कॉटलंडमधल्या जुनिपर गावात अकरा वर्षांची अॅडी, जुन्या काळी चेटकीण ठरवून मारलेल्या बायकांचं स्मारक व्हावं म्हणून भांडते. मला त्यातलं खरं केंद्र तिची थोरली बहीण कीडी वाटते. कीडीलाही ऑटिझम आहे, आणि कॉलेजात ती ते लपवते. डोळ्याला डोळा, बेतलेलं हसू, घरी आल्यावर गळून पडणं. आज याला सगळे मास्किंग म्हणतात. डॉना विल्यम्सच्या कॅरलला कादंबरीत यायला जवळजवळ तीन दशकं लागली. खोटं बोलू न शकणारी म्हणून ज्यांची जाहिरात झाली, त्यांच्यातली एक दिवसभर एकच मोठं खोटं अंगावर वागवते, आणि ते घरच्यांनाही पुरतं दिसत नाही. अॅडीला दिसतं.

हेलन होआंग यांच्या ‘द हार्ट प्रिन्सिपल’मध्ये (२०२१) व्हायोलिन वाजवणारी अॅना ही एक निवेदक आहे, होआंग यांना स्वतःलाही मोठेपणी ऑटिझमचं निदान झालं होतं. अॅनालाही निदान मोठेपणीच कळतं. आयुष्यभर घरच्यांना हवी तशी वागत आल्याचा उलगडा तिला होतो, आणि ती ते थोरल्या बहिणीला सांगते. बहीण ते धुडकावून लावते. तुझ्यात तसलं काही नाही. मग वडिलांना पक्षाघात होतो, घरातच शुश्रूषा सुरू होते, आणि अॅनाला पुन्हा तीच जुनी गुणी मुलगी होऊन रात्रंदिवस उभं राहावं लागतं. क्रिस्टोफरच्या घरात वडील खोटं बोलत होते आणि मुलानं विश्वास ठेवला होता. इथं मुलगी खरं सांगते आणि घर ठेवत नाही. ग्रँडिनचं पुस्तक हातात घेऊन सॅक्स थबकले होते तिथंच तिची बहीण थबकली आहे. वाचकाला या वेळी घराविषयी अॅनाहून जास्त काही ठाऊक नसतं. तिच्या डोक्यात शेकडो पानं राहिल्यामुळे ती बनाव करत नाही एवढं त्याला पक्कं माहीत असतं, पण ते बहिणीला जाऊन सांगण्याची सोय कादंबरीत नाही.